बातमीतून दीर्घकथा: 'तिसरा दरवाजा'च्या प्रकल्प नोंदी

३ जून

काम असे: पत्रकारितेच्या काळात वार्तांकन झालेल्या एका घटनेवर दीर्घकथा लिहायची. लांबी साधारण सात हजार शब्द, मुदत चौदा आठवडे. घटना एका धरणाची. पावसाळी रात्री वक्र दरवाजे दोन फुटांवरून तीन फुटांवर नेले आणि चौदा किलोमीटर खाली असलेल्या वस्तीत पहाटे पाणी शिरले. धरणाचे, नदीचे, वस्तीचे नाव कथेत येणार नाही, इथेही नाही. आकडेही कथेसाठी बदललेले आहेत.

हाताशी असलेला माल: ३८० शब्दांची मुख्य बातमी, दोन फॉलोअप (पाठपुराव्याच्या बातम्या), एक चौकट (बातमीशेजारचा छोटा माहितीचा मजकूर) आणि चार वह्या मिळून २१२ पाने.

वेळ सकाळचा दीड तास. संध्याकाळ मुद्दाम टाळली, कारण पान छपाईला सोडायच्या वेळेला वर्षानुवर्षे लिहिलेल्या हाताला संध्याकाळी घाईचीच भाषा सुचते. रोजचे माप ४०० शब्द. हात चालत असला तरी तिथेच थांबायचे आणि पुढचे वाक्य कडेला टिपून ठेवायचे. बातमी एका बैठकीत संपते, त्यामुळे एका दमात लिहायची सवय पक्की असते. सात हजार शब्दांना तो दम पुरत नाही. तिथे रोज सकाळी परत आत शिरता यावे लागते.

६ जून

वह्यांची छाननी पूर्ण. तीन रंगांनी खुणा केल्या. छापून आले ते काळ्याने, ऐकले पण छापले नाही ते निळ्याने, आणि डोळ्यांना दिसले, कानाला ऐकू आले, हाताला लागले ते लाल रंगाने. २१२ पानांत लाल ओळी फक्त ३१.

यात आश्चर्य नाही. वही बातमीच्या मजकुरासाठी भरली जाते. नाव, वय, हुद्दा, वेळ, नुकसानीचा आकडा, एखादे धारदार वाक्य मिळाले की पान उलटते. गेट रूमला, म्हणजे दरवाजे जिथून चालवतात त्या खोलीला, खिडकी होती का, रजिस्टर टेबलावर असायचे की कपाटात, मोटर सुरू झाली की जमीन हादरायची का, यांतले एकही वहीत नाही. बातमीला त्याची गरजच नव्हती.

ही तूट दोन बाजूंनी भरायची. एक, तशाच प्रकारच्या दुसऱ्या धरणावर परवानगी घेऊन दोन तास नुसते बसायचे. दोन, दरवाजे चालवलेल्या माणसांशी बोलायचे, पण प्रश्न बदलून. 'त्या रात्री काय झाले?' विचारले की माणूस जबाब द्यायला लागतो. 'फोन वाजला की रजिस्टर कोणत्या हाताला असते?' विचारले की तो हात उचलून दाखवतो. कथेला हवे ते सगळे त्या उचललेल्या हातात असते.

७ जून

निळ्या ओळींचा प्रश्न आज सोडवला, कारण पुढे तो कथेच्या हाडात जाऊन बसला असता. नाव न छापण्याच्या अटीवर जे सांगितले गेले, ती अट बातमीबरोबर संपत नाही. कथा आहे म्हणून सवलत नाही. नुसते नाव बदलून भागत नाही, हेही पत्रकाराला कळायला हवे, कारण छोट्या ठिकाणी माणूस नावावरून कमी आणि खुणांवरून जास्त ओळखला जातो.

वापरलेली पद्धत: प्रत्येक मूळ व्यक्तीसमोर पाच खुणा लिहिल्या (वय, काम, घरची माणसे, शरीराची एखादी खूण, बोलण्याची लकब). पात्रात यांतल्या दोनच्या वर टिकता कामा नयेत, आणि काम ही खूण टिकली तर दुसरी टिकताच कामा नये. गेट ऑपरेटरचे काम बदलता येत नाही, म्हणून त्याचे बाकी सगळे बदलले. दोन माणसे मिळून एक पात्र केले तर दोघांच्याही खुणा पुन्हा तपासाव्या लागतात. तिथे चूक लगेच होते.

छापलेल्या मजकुरातली वाक्ये जशीच्या तशी उचलायची नाहीत, हेही ठरले. घटना कोणाच्या मालकीची नसते, मांडणी असते. नोकरीत लिहिलेल्या मजकुराचा हक्क कोणाकडे आहे, हे त्या वेळचा करार काढून पाहायचे. तसेही त्या वाक्यांचा इथे उपयोग नाही.

१० जून

पहिले ९०० शब्द रद्द. सुरुवात अशी होती:

'धरणाचे पाच वक्र दरवाजे तीन फुटांपर्यंत उघडण्यात आल्याने नदीकाठच्या वस्तीत पहाटे पाणी शिरून ६३ घरांचे नुकसान झाले.'

हा इंट्रो आहे आणि चांगला इंट्रो आहे. काय, कुठे, कधी, का, किती, सगळे एका वाक्यात. उलट्या पिरॅमिडची रचना ज्या कारणासाठी झाली तेच इथे आडवे येते. सर्वांत महत्त्वाचे वर, त्याहून कमी महत्त्वाचे खाली, म्हणजे जागा कमी पडली तर उपसंपादकाने शेवटून दोन परिच्छेद उडवले तरी बातमी उभी राहते. कथेत शेवटून परिच्छेद उडवता येत असेल तर ती कथा झालेलीच नाही.

यावर पहिला सुचणारा उपाय म्हणजे माहिती दडवणे. ६३ घरांचा आकडा शेवटी ठेवू, वाचक ताणून धरू. तो करून पाहिला, आणि तो खोटा वाटतो, कारण लेखकाला माहीत आहे आणि तो सांगत नाही हे वाचकाला जाणवते. खरा फरक माहिती वर ठेवायची की खाली, एवढाच नाही. बातमी घटना संपल्यावर बोलते. तिला सगळे माहीत असते. कथेतल्या माणसाला रात्री १.४० वाजता फक्त १.४० पर्यंतचेच माहीत असते. दोन फुटांवरचा दरवाजा तीन फुटांवर नेताना त्याला ६३ घरे माहीत नाहीत. लिहिणाऱ्याने ती विसरायची आहेत. या प्रकल्पातले सर्वांत अवघड काम हेच ठरेल असे दिसते.

१३ जून

'कोणाला केव्हा कळले' हा तक्ता तयार. उभ्या रकान्यात रात्री १० ते सकाळी ७, अर्ध्या अर्ध्या तासाने. आडवे तीन रकाने: गेट रूम, शाखा अभियंत्याचे घर, वस्ती. प्रत्येक चौकोनात त्या क्षणी त्या ठिकाणी काय माहीत आहे एवढेच लिहायचे. काय घडते आहे ते लिहायचे नाही.

तक्ता भरल्यावर एक गोष्ट उघडी पडली. पाणी खाली पोहोचायला सुमारे अडीच तास लागतात. १.४० ला दरवाजा हलला, वस्तीत पाणी ४.१० च्या सुमारास. मधले अडीच तास गेट रूमचा रकाना जवळजवळ कोरा आहे. बातमीत या अडीच तासांना एक शब्दही नव्हता. कथा तिथेच आहे.

१४ जून

धरणावर दोन तास. टिपले ते असे: मोटर सुरू व्हायच्या आधी कॉन्टॅक्टरचा (मोटरला वीज जोडणाऱ्या स्विचचा) 'टक' आवाज येतो. पोलादी दोराला ग्रीसचा जाड थर, त्यात चिकटलेले किडे. उघडीप दाखवणाऱ्या डायलची काच आतून धुरकट. पाच दरवाजे असतील तर मधला आधी, मग दोन्ही बाजूंचे जोडीने, म्हणजे सांडव्यावर पाणी एका अंगाला जोर करत नाही. दरवाजा अगदी थोडा उघडा असला की थरथरतो आणि ती थरथर पायांना कळते.

मधला आधी. म्हणजे तिसरा. शीर्षक इथून आले.

१९ जून

२,३०० शब्दांत 'करण्यात आले', 'उघडण्यात आले', 'देण्यात आला' या घाटाची ४१ क्रियापदे निघाली. वर्तमानपत्री मराठीचा हा कणा आहे. डेस्कवर तो सोयीचा असतो. कोणी केले हे रात्री साडेदहापर्यंत नक्की झालेले नसते आणि चुकीचे नाव छापण्यापेक्षा कर्ता गाळणे बरे. पण या कथेचा सगळा प्रश्नच दरवाजा कोणी उघडला हा आहे. तिथे कर्ता गाळला की कथाच गाळली जाते.

एकाच क्षणाचे तीन खर्डे इथे ठेवतो, पुढे उपयोगी पडतील. शिवराम म्हणजे कथेतला गेट ऑपरेटर.

पहिला: 'रात्री १.४० वाजता वरिष्ठांच्या आदेशानुसार तिसरा दरवाजा तीन फुटांपर्यंत उघडण्यात आला.'

दुसरा: 'थरथरत्या हाताने शिवरामने बटण दाबले. त्याच्या काळजात धस्स झाले. आपल्या हातून काहीतरी भयंकर घडत आहे, असे त्याला वाटून गेले.'

तिसरा: 'शिवरामने रजिस्टर ओढले. १.४० लिहिले. पातळी लिहिली. आदेश देणाऱ्याचे नाव हा रकाना सोडून पुढे तीन फूट लिहिले, आणि मग उठून हिरवे बटण दाबले. टक झाले. वर मोटर घुमली. काटा दोनवरच होता. त्याने काचेवर नखाने टिचकी मारली, तेव्हा काटा सव्वादोनवर आला.'

पहिल्यात माणूस नाही. दुसऱ्यात माणूस आहे, पण त्याला पुढचे माहीत आहे. 'भयंकर' हा शब्द सकाळच्या बातमीतून रात्रीच्या माणसाच्या डोक्यात घुसला आहे. शिवाय थरथरता हात आणि काळजातले धस्स हे फीचरच्या, म्हणजे वर्तमानपत्रातल्या रंगवून लिहिलेल्या लेखाच्या, डब्यातून काढलेले. बातमीतून सुटणारा पत्रकार बहुधा आधी या दुसऱ्या खर्ड्यात अडकतो. कोरडेपणा गेला की साहित्य आले असे वाटते, म्हणून.

तिसऱ्यात भावनेचा एकही शब्द नाही. सोडलेला रकाना आहे. 'वरिष्ठांच्या आदेशानुसार' या दोन शब्दांत जे बातमीने गिळले होते, ते त्या कोऱ्या रकान्यात परत आले. रजिस्टरला असा रकाना असणे हा या मजकुराचा आजवरचा सर्वांत मोठा लाभ आहे, आणि तो १४ तारखेच्या दोन तासांतून मिळाला.

ठरले: प्रत्येक 'ण्यात आले' शोधायचे आणि विचारायचे, कोणी? उत्तर देता येत असेल तर कर्ता घालायचा. नसेल तर ते वाक्य शिवरामला त्या वेळी माहीत नसलेले आहे, म्हणून काढायचे. ४१ पैकी ४ ठेवली. चारही सरकारी पत्रातली आहेत, तिथे ती भाषा शोभते.

२४ जून

'असल्याचे सांगितले', 'झाल्याचे समजते', 'असल्याची चर्चा आहे'. प्रत्येक विधानाला सूत्र चिकटवायची सवय. निवेदकाला सूत्र लागत नाही. 'शिवरामचे गुडघे दुखत होते' एवढे पुरे. 'दुखत असल्याचे जाणवत होते' असे लिहिले की मध्ये कोणीतरी वार्ताहर उभा आहे असे वाटते. २७ ठिकाणी दुरुस्ती.

मात्र वस्तीच्या प्रसंगात ऐकीव माहितीचे वजन हवे आहे. तिथे 'म्हणे' वापरला. 'पाणी सोडणारेत म्हणे.' बातमीतले 'समजते' बोलणाऱ्याला लपवते. 'म्हणे' बोलणाऱ्याला उघडा ठेवतो आणि त्याचा अर्धा विश्वास, अर्धा अविश्वास दोन्ही दाखवतो. एवढे काम करणारे दोन अक्षरांचे दुसरे साधन मराठीत सापडणे कठीण. पण एका पानात तीनदा आला की तो चाळा होतो. कमाल एकदा.

२८ जून

प्रथमपुरुषी निवेदन करून पाहिले. ११०० शब्द झाले, मग थांबवले.

पत्रकाराला 'मी' भुरळ घालतो, कारण दुसऱ्याचे ऐकून त्याच्या आवाजात लिहिणे हे त्याचे अर्धे काम असतेच. गाब्रिएल गार्सिया मार्केस यांनी १९५५ मध्ये 'एल एस्पेक्तादोर' या दैनिकात एका बचावलेल्या खलाशाची हकिकत चौदा भागांत अशीच खलाशाच्या 'मी'मधून लिहिली होती. पुस्तकरूपाने ती १९७० मध्ये आली. तिथे 'मी' पेलतो, कारण समुद्रात दहा दिवस त्याच्याखेरीज कोणी नव्हतेच. त्याला कोणाला उत्तर द्यायचे नाही.

शिवरामला उत्तर द्यायचे आहे. त्यामुळे त्याचा 'मी' सुरू झाला की तिसऱ्याच परिच्छेदात जबाब नोंदवल्यासारखा होतो. 'मी नेहमीप्रमाणे ड्युटीवर हजर होतो', 'माझ्याकडून कोणतीही हयगय झाली नाही'. चौकशीला सामोऱ्या जाणाऱ्या माणसाचा 'मी' स्वतःला वाचवतो. आवाज खरा आहे, पण अडीच तासांच्या आत जाऊ देत नाही.

निर्णय: तृतीयपुरुष, पण शिवरामच्या खांद्याएवढ्या उंचीवरून. त्याला दिसत नाही ते निवेदकाला दिसणार नाही. 'तो' वापरायचा. पहिल्या खर्ड्यात वय ५४ म्हणून आपोआप 'ते' आले होते. तो वर्तमानपत्रातला आदर आहे. 'ते' म्हटले की माणूस दोन पावले लांब जातो. अभियंता मात्र शिवरामच्या डोक्यातही 'साहेब'च, आणि साहेबांसाठी क्रियापद आदरार्थी.

३ जुलै

कथेत एक वार्ताहर घुसला होता. सकाळी येतो, विचारपूस करतो, वाचकाला पार्श्वभूमी समजावतो. काढला, ८२० शब्द गेले. पत्रकार पात्र वर्ज्य असते असे मुळीच नाही. अरुण साधू यांच्या 'सिंहासन'मध्ये दिगू टिपणीस आहे आणि तिथे तो हवाच, कारण सत्तेच्या सगळ्या दालनांत ये-जा असलेला माणूस तोच. इथे तो लेखकाची सोय म्हणून आला होता. निवेदनाला जे दाखवता आले नाही ते विचारून घ्यायला.

४ जुलै ते ७ जुलै

रोज ४०० च्या आसपास. वस्तीचा पहिला प्रसंग पूर्ण.

८ जुलै

आकडे. सुरुवातीला विसर्ग १८,४०० क्युसेक, दरवाजे तीन फुटांवर गेल्यावर २७,६०० क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८.३ लिटर. म्हणजे वाढ झाली सेकंदाला साधारण २ लाख ६० हजार लिटरची. चौकटीसाठी उत्तम. दहा हजार लिटरचे २६ टँकर एका सेकंदात, असे लिहिले की वाचक पेपर खाली ठेवून शेजाऱ्याला सांगतो.

कथेत हे टँकर आणायचा मोह झाला आणि आणलेही. वाचून पाहिले तर शिवराम दरवाज्याशी उभा राहून आमच्या वाचकांसाठी गुणाकार करत होता. त्याला २८.३ ने गुणायची कधी गरज पडलेली नाही. त्याच्यासाठी २७,६०० हा आकडा पॅनलशेजारच्या तक्त्यातल्या एका ओळीत असतो, आणि त्या ओळीपर्यंत त्याचे बोट यापूर्वी दोनदाच गेले आहे. तेवढेच ठेवले: बोट तक्त्यावरून खाली सरकते आणि जिथे कागद अजून स्वच्छ आहे तिथे थांबते. वरच्या ओळी बोटांनी मळलेल्या.

आकडा कथेत चालतो, नेमका असावा, पण कोणीतरी त्याच्याकडे पाहत असला पाहिजे. डॅनिअल डिफो हाही वर्तमानपत्री लेखनात मुरलेला माणूस. १६६५ च्या लंडनमधल्या प्लेगवरचे त्याचे १७२२ चे पुस्तक मृत्यूंच्या साप्ताहिक आकड्यांनी भरलेले आहे, तरी ते कोरडे होत नाही. निवेदक ते आकडे वाचून शहर सोडावे की थांबावे हे ठरवू पाहत असतो. आकडा त्याच्या निर्णयाला टेकलेला असतो.

१६ जुलै

फोनचा प्रसंग चौथ्यांदा लिहिला. आधीचा असा होता:

'साहेब, पाणलोट क्षेत्रात मुसळधार पाऊस सुरू असल्याने पातळी दोन तासांत वीस सेंटिमीटरने वाढली आहे. धरणाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने विसर्ग वाढवावा लागेल, पण त्यामुळे खालच्या वस्तीला धोका निर्माण होऊ शकतो.'

फोनवरच्या दोघांनाही हे माहीत आहे. मग तो कोणाला सांगतो? तिसऱ्या माणसाला, म्हणजे वाचकाला. पत्रकाराच्या हातून संवाद बिघडतो तो बहुतेक इथेच. बातमीत अवतरण हा पुरावा असतो, त्यात पूर्ण अर्थ असावा लागतो, म्हणून तो पूर्ण वाक्यांत येतो. घाबरलेली माणसे पूर्ण वाक्यांत बोलत नाहीत, आणि जे बोलायचे असते त्याच्या बाजूने बोलतात.

आजचा:

'शिवराम, किती?'
'सहाशे एकावन्न तीस, साहेब.'
'मघाशी?'
'सहाशे एकावन्न दहा.'
पलीकडे कोणीतरी दार लावले.
'तीन कर.'
'पाचही?'
'पाचही. मधला आधी.'
'साहेब, लिहू काय?'
'काय लिहायचंय?'
'कोणी सांगितलं ते.'
'आवाज येत नाहीये तुझा. हॅलो?'
'साहेब, मी म्हटलं…'
'तीन कर.'

पातळी वाढते आहे हे दोन आकड्यांतल्या फरकातून कळते. वस्तीचा उल्लेखच नाही. दोघेही तो टाळत आहेत हे आधीच्या प्रसंगामुळे वाचकाला कळते. कोऱ्या रकान्याचे मूळही इथेच आले, त्यामुळे १९ जूनच्या परिच्छेदाआधी हा प्रसंग लावला. 'तो म्हणाला, साहेब म्हणाले' सगळे काढले, कारण कोण कोणाला 'साहेब' म्हणतो आणि कोण 'कर' म्हणतो यावरून बोलणारा कळतो. मराठीत ही सोय क्रियापदातच आहे.

२२ जुलै

शिवरामची बावीस वर्षांची नोकरी दोन पानांत आणायची होती. सनावळी दिली की बायोडेटा होतो. रीतिभूतकाळ वापरला: 'तो सहाला वर चढे, दिवा मालवी, रात्रपाळीच्या माणसाचे अक्षर लावत बसे.' वर्तमानपत्रात हे रूप जवळपास येतच नाही, कारण बातमी एकदा घडलेल्याची असते, रोज घडणाऱ्याची नसते. त्यामुळे हाताला ते नवखे वाटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यात आपोआप 'चढायचा, मालवायचा' किंवा साधा भूतकाळ येतो. तिन्ही रूपे एका परिच्छेदात मिसळली की काळ गढूळ होतो. एक परिच्छेद, एक रूप. 'चढे' फार पुस्तकी वाटला तर पूर्ण परिच्छेद 'चढायचा'मध्ये न्यायचा. शेवटी तेच केले. शिवरामच्या खांद्यावरून तेच बरे ऐकू येते. 'चढे' फक्त एका वाक्यात राहिला, त्याच्या वडिलांच्या संदर्भात.

३० जुलै

पूर्ण खर्डा. ९,४०० शब्द. फाइल बंद, तीन आठवडे उघडायची नाही.

पत्रकाराला ही मुदत जाचते. लिहिलेले सकाळी छापून हातात येते, चूक असेल तर दुपारपर्यंत फोन येतो, आणि संध्याकाळी तो अंक जुना झालेला असतो. स्वतःचा मजकूर परका होईपर्यंत थांबायची सवयच नसते. पण ताज्या मजकुरात डोळा कागदावरचे वाचत नाही, मनातले वाचतो. या काळात दुसरी कथा सुरू करू नये, दुसऱ्यांचे वाचावे.

२१ ऑगस्ट

मोठ्याने वाचन, एकूण एक तास दहा मिनिटे. जीभ जिथे आपोआप वेगाने पळाली तिथे खूण केली. अशा ३८ खुणा. जीभ पळते कारण तो शब्दसमूह तयार असतो, विचार करावा लागत नाही: 'होत्याचे नव्हते झाले', 'काळाने घाला घातला', 'एकच आक्रोश केला', 'डोळ्यांच्या कडा पाणावल्या', 'रात्र वैऱ्याची', 'मदतीचा ओघ सुरू झाला'. यांतले एकही वाक्य खोटे नाही. पण हजार दुर्घटनांवर ते बसलेले आहेत, म्हणून या एकीला ते बसत नाहीत.

बदलताना नवी उपमा शोधायची नाही, हे ठरवून घेतले. त्या जागी काय दिसले ते लिहायचे. 'होत्याचे नव्हते झाले' गेले आणि तिथे आले: 'दाराच्या कडीला अडकवलेली छत्री तशीच होती. दार नव्हते, चौकट होती, आणि कडी चौकटीला होती.' ही लाल शाईच्या ३१ ओळींपैकी एक. वहीच्या समासात तिरकी लिहिलेली होती, बातमीत घेतली नव्हती.

धरणाचा इतिहास सांगणारे ६४० शब्द एकदम काढले. सगळे खरे, सगळे तपासलेले, आणि कथेत कोणालाच त्याची गरज नाही. जिथे मेहनत जास्त झाली तिथे हात कापायला धजत नाही. हे ६४० शब्द जुळवायला दोन दिवस लागले होते.

आता ७,३५०.

२६ ऑगस्ट

तिघांना वाचायला दिली. एक उपसंपादक, एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त, एक फक्त वाचक. 'कशी वाटली?' विचारायचे नाही, कारण त्याचे उत्तर 'छान' असते. तीन प्रश्न दिले: कोणत्या पानावर थांबलात किंवा मागे गेलात? शिवरामला वस्तीत पाणी शिरल्याचे केव्हा कळले असे वाटते? रजिस्टरमधला कोणता रकाना लक्षात राहिला?

उपसंपादकाने नऊ ठिकाणी 'हे कोण म्हणते?' असे लिहिले. सहा ठिकाणी उत्तर देता आले, तीन ठिकाणी निवेदक शिवरामच्या खांद्यावरून उठून गावभर फिरत होता. दुरुस्त केले.

दुसऱ्या वाचकाने मोठी चूक पकडली. वस्तीतल्या बाईला धरणाचा भोंगा ऐकू येतो. चौदा किलोमीटरवर, पावसात, नदीच्या आवाजात? शक्य नाही. हा प्रसंग भोंग्यावरच उभा होता. कथा काल्पनिक आहे म्हणून भौतिकशास्त्र सुटत नाही. एका अशक्य आवाजाने वाचक बाकीच्या सगळ्यावरचा विश्वास काढून घेतो. तपासून लिहिण्याचा पत्रकाराचा धर्म इथे पूर्ण वेळ कामाला यायला हवा: चंद्र होता का, वीज गेलेली होती का, त्या हुद्द्याच्या माणसाकडे फोन कोणता होता, पावसाळ्यात पाळी किती तासांची. याच यादीत भोंगा धरलेला नव्हता.

नवा प्रसंग भोंग्याशिवाय: बाईला जाग येते ती जनावर उठून उभे राहिल्याने. आधीपेक्षा कितीतरी चांगला झाला.

२ सप्टेंबर

शेवट. पहिला शेवट 'चौकशीचे आदेश', म्हणजे फॉलोअपचा शेवट. दुसऱ्यात शिवराम वस्तीत जाऊन उभा राहतो. तो फीचरचा शेवट, त्यात दृश्य आहे पण त्याचे तिथे जाणे लेखकाला हवे आहे, शिवरामला नाही. सकाळी सातला त्याला झोप हवी आहे. तक्त्यात त्याच्या रकान्यात सकाळी ७ ला काय माहीत आहे? फक्त एवढेच की फोन सारखा वाजतो आहे.

तिसरा: दिवसपाळीचा माणूस येतो. रजिस्टर उघडतो, वाचतो, १.४० च्या ओळीवर थांबतो. 'हा रकाना राहिला.' शिवराम शर्टाच्या खिशातून पेन काढतो आणि त्याच्यापुढे धरतो. दिवसपाळीचा माणूस ते घेत नाही. फोन वाजतो. इथे थांबवले.

तीन दिवस या शेवटाखाली आणखी एक परिच्छेद लिहिला जात होता, ज्यात पेन धरण्याचा अर्थ सांगितलेला होता. तिन्ही वेळा काढला.

१० सप्टेंबर

६,८८० शब्द. मुद्रितशोधन दोनदा, एकदा शेवटाकडून सुरुवातीकडे. नियतकालिकाला पाठवताना सोबतच्या पत्रात 'सत्य घटनेवर आधारित' लिहिलेले नाही, कारण तो शिक्का मारला की वाचक मूळ माणसे शोधायला लागतो आणि ७ जूनचे सगळे काम वाया जाते. खुणांचा तक्ता आणि वह्या वेगळ्या पाकिटात, कथेच्या फाइलपासून दूर.

पाठवण्याआधीचा शेवटचा बदल: कोरा रकाना पाच ठिकाणी येत होता. वस्तीच्या प्रसंगातला पाचवा काढला. वस्तीत कोणाला त्या रजिस्टरची माहिती असायचे कारण नव्हते.